‘रद्द’, ‘नष्ट’ आणि ‘त्याग’ : एका क्रियापदाचा इतिहास

गडचांदूर येथील एका विहारात वर्षावासाच्या काळात दर रविवारी अभ्यासवर्ग भरतो. तेथे भारतीय संविधानातील मूलभूत हक्कांचा भाग वाचीत असता एका वयोवृद्ध उपासिकेने विचारले, ‘‘कायदा रद्द झाला म्हणतो, गाडी रद्द झाली म्हणतो, रेशनकार्ड रद्द झाले म्हणतो, मग अस्पृश्यता रद्द का झाली नाही? ती नष्ट कशी झाली? आणि झाली असेल तर कोणी केली?’’ वर्गातील काही तरुणांना हा निव्वळ शब्दांचा खेळ वाटला. प्रस्तुत लेखकालाही क्षणभर तसेच वाटले. परंतु घरी आल्यावर शब्दकोश उघडला, संविधानाची मराठी प्रत उघडली, विनयपिटकही उघडले, आणि बाईंनी विचारले ते कायद्याच्या इतिहासातील एक मूळचे कोडे आहे हे ध्यानात आले.

एखादा नियम वा चालीरीत संपविण्यासाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. बंदी ‘उठवतात’, जप्ती ‘उठवतात’. वतन ‘खालसा’ करतात. सभागृह ‘बरखास्त’ होते. देणे ‘माफ’ होते. चाल ‘मोडतात’ किंवा ‘मोडीत काढतात’. हा शेवटचा वाक्प्रचार बाजारातला आहे. फुटके तांब्या-पितळेचे भांडे मोड म्हणून वजनावर विकायचे आणि त्याच धातूचे नवे घडवून घ्यायचे, अशी त्यामागची रीत. कायद्याच्या परिभाषेत ‘निरसन’ हा संस्कृत शब्द आला. ‘रद्द’ हा मूळ अरबी. परत फिरवणे, नाकारणे हा त्याचा अर्थ. गडचांदूरचा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता आणि दरबाराची भाषा उर्दू होती. म्हणून ‘मौकूफ’ आणि ‘मन्सूख’ हे शब्दही या बाजूच्या जुन्या कागदांत भेटावयाचे. मराठी, गोंडी, कोलामी आणि तेलुगू बोलणाऱ्या माणसांवर उर्दूतून हुकूम निघत आणि उर्दूतूनच ते मौकूफ होत.

या साऱ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. आधी कोणीतरी काहीतरी दिलेले, लादलेले किंवा ठरविलेले असावे लागते. ज्याने हुकूम काढला त्याने, किंवा त्याच्या वरच्याने, तो परत फिरविला म्हणजे ‘रद्द’ झाला. त्यामुळे रद्द करण्याला दोन्ही बाजूंनी धार असते. महाडचा इतिहास याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. मुंबई विधिमंडळात १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर अवघ्या साडेचार महिन्यांत, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. म्हणजे ‘रद्द’ हे क्रियापद त्या वर्षी अन्यायावर चालले नाही, हक्कावर चालले. प्रकरण न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला.

त्याच वर्षाच्या अखेरीस, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाड येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. त्या घटनेची चर्चा बहुधा प्रतीक म्हणून होते. क्रियापदाच्या बाजूने पाहिले तर तिच्यात तर्कशुद्धता दिसते. मनुस्मृती कोणत्याही विधिमंडळाने संमत केलेली नव्हती. मग ती रद्द करण्याचा अधिकार कोणत्या विधिमंडळाला असणार? जे कोणी ठराव करून आणलेच नाही, ते ठराव करून परत कसे फिरवावे? अस्पृश्यतेचा कायदा कोठल्या राजपत्रात प्रसिद्ध झालेला नव्हता. तो वाडीच्या रस्त्यावर, विहिरीच्या काठावर, चावडीच्या पायरीवर पाळला जात होता. म्हणून ‘रद्द’ हा शब्द तेथे लागूच पडत नाही. बाईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

ही गोष्ट आपल्या भागाच्या कायद्यांतही पाहावयास मिळते, आणि ती थोडी चमत्कारिक आहे. वर्धा नदीच्या उत्तरेस चांदा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. तेथे १९४७ साली अनुसूचित जातींच्या सामाजिक निर्योग्यता दूर करणारा एक आणि मंदिरप्रवेशाचा दुसरा असे दोन अधिनियम झाले. नदीच्या दक्षिणेस राजुरा, गडचांदूर हा प्रदेश हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर तेथे १३५८ फसली या सालाचे, म्हणजे १९४८-४९ चे, याच दोन विषयांवरचे दोन विनियम आले. नदी एक, काठ दोन, आणि पाणवठ्यावर पाणी भरण्याच्या हक्काचे कायदेही दोन. पुढे १ जून १९५५ पासून अस्पृश्यता (अपराध) अधिनियम देशभर लागू झाला आणि त्याच्या परिशिष्टात दोन्ही काठांवरचे हे जुने कायदे ‘निरसित’ झाले. निर्योग्यता दूर करण्यासाठी केलेले कायदे निरसित होऊ शकले, कारण ते कोणीतरी केलेले होते. निर्योग्यता मात्र कोणत्याच परिशिष्टात बसत नव्हती.

संविधानकर्त्यांना हा भेद चांगला कळला होता, हे संविधानातील क्रियापदे शेजारी शेजारी ठेवून वाचल्यास दिसते. अनुच्छेद ३९५ मध्ये १९३५ चा भारत सरकार अधिनियम आणि १९४७ चा स्वातंत्र्य अधिनियम यांचे ‘निरसन’ आहे. अनुच्छेद १३ प्रमाणे मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले पूर्वीचे कायदे विसंगतीपुरते ‘शून्य’ होतात, आणि कायद्याचे बळ असलेली रूढी व परिपाठ यांचाही तेथे ‘कायदा’ या शब्दात अंतर्भाव केलेला आहे. अनुच्छेद २३ मध्ये बिगारीला व सक्तीच्या श्रमाला ‘मनाई’ आहे. अनुच्छेद १७ मध्ये मात्र दोन क्रियापदे आहेत. अस्पृश्यता ‘नष्ट’ केली आहे, आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण ‘निषिद्ध’ केले आहे. बिगार हे कृत्य आहे. कृत्याला मनाई पुरते. अस्पृश्यता ही कृत्याबरोबरच माणसाला जन्मासोबत चिकटविलेली अवस्था होती. अवस्थेला मनाई करता येत नाही. तू अस्पृश्य असण्यास मनाई आहे, असे वाक्यच होत नाही. म्हणून अवस्था नष्ट करावी लागली आणि आचरण निषिद्ध करावे लागले.

या भेदाला पुढे न्यायालयातही महत्त्व आले. १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात नरसू अप्पा माळी या खटल्यात, व्यक्तिगत कायदे अनुच्छेद १३ च्या कक्षेत येतात काय असा प्रश्न होता. ते येत नाहीत असा निर्णय न्या. छागला व न्या. गजेंद्रगडकर यांनी दिला. अनुच्छेद १३ ने असे सारेच शून्य होत असते, तर अस्पृश्यता नष्ट करण्यासाठी अनुच्छेद १७ स्वतंत्रपणे लिहिण्याची गरज काय होती, हाही त्यांच्या विवेचनातील एक मुद्दा होता. या निर्णयावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती योग्य आहे असे आम्हांस वाटते. जे क्रियापद मुक्तीसाठी अधिक म्हणून लिहिले गेले, त्याच्या आधारे इतरत्र मुक्तीचा दरवाजा लोटून घेतला गेला.

मात्र अनुच्छेद १७ मधील ‘नष्ट’ जितके व्यापक दिसते तितके ते मुळात अभिप्रेत होते काय, हे तपासले पाहिजे. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी जे निवेदन तयार केले, आणि जे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने प्रसिद्ध आहे, त्यात नष्ट करावयाच्या गोष्टींची व्याप्ती निराळी होती. दर्जा, जन्म, कुटुंब, धर्म आणि धार्मिक रूढी यांतून उद्भवणारी निर्योग्यता तर नष्ट व्हावीच, पण त्यांतून उद्भवणारा विशेषाधिकारही नष्ट व्हावा, असे तेथे आहे. म्हणजे शिडीची खालची पायरी आणि वरची पायरी एकाच क्रियापदाने काढावयाची होती. अखेरच्या मसुद्यात खालच्या पायरीचे नाव राहिले. वरच्या बाजूस अनुच्छेद १८ मध्ये फक्त किताब नष्ट झाले. २९ एप्रिल १९४७ रोजी संविधान सभेत मूलभूत हक्कांच्या अंतरिम अहवालावर चर्चा चालू असता बंगालचे प्रमथ रंजन ठाकूर यांनी नेमके हेच विचारले होते : जातिव्यवस्था तशीच ठेवून अस्पृश्यता नष्ट कशी करणार? अस्पृश्यता हे रोगाचे लक्षण आहे, रोग जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी हे कलम, त्या वेळच्या मसुद्यातील अकरावे, संमत झाले. ठाकूरांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या न दिलेल्या भाषणात जातीसाठी जो कठोर इंग्रजी शब्द योजला, त्याचे विध्वंसन, निर्मूलन, उच्चाटन असे निरनिराळे पर्याय मराठी भाषांतरकारांनी वापरले. संविधानात यांपैकी एकही शब्द जातीसाठी आला नाही.

आता ‘नष्ट’ या शब्दाकडे वळू. संस्कृत धातुपाठात ‘नश्’ या धातूचा अर्थ ‘अदर्शन’ असा दिलेला आहे. नष्ट म्हणजे मुळात जे दिसेनासे झाले ते. नाश आणि दिसेनासे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कोणास सांगावयास नको. चहाच्या टपरीवरील वेगळी कपबशी दिसेनाशी होते. भाड्याने खोली मागताना आडनावापाशी थबकणारा आवाज ऐकू येतो, दिसत नाही.

वस्तुतः एखादी प्रथा कोणासाठी संपली हे न विचारता ती संपली असे म्हणण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. वेठीचेच उदाहरण घ्या. मराठीतील ‘वेठ’ आणि तेलुगूतील ‘वेट्टी’ हे दोन्ही शब्द ‘विष्टि’ या प्राचीन शब्दाशी जोडले जातात. विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या ताम्रपटांत, उदाहरणार्थ अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे सापडलेल्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटात, दान दिलेल्या गावाला सर्व प्रकारच्या विष्टीतून ‘परिहार’ दिलेला आहे. वाचणाऱ्यास वाटावे की पाचव्या शतकात वेठ संपली! परंतु परिहार म्हणजे सूट, आणि सूट गाव दान घेणाऱ्या एक हजार ब्राह्मणांच्या हिताची. राजाचा माणूस वेठीला धरणार नाही एवढाच तिचा अर्थ. गावात राबणाऱ्याचे राबणे त्यामुळे थांबले असे मानण्यास कोणताही आधार नाही. मालक तेवढा बदलला.

विसाव्या शतकातही क्रियापदाची ही चलाखी सुटली नाही. निजामी मुलखातील जहागिऱ्या १५ ऑगस्ट १९४९ रोजी निघालेल्या विनियमाने संपुष्टात आल्या. नदीपलीकडील मालगुजारी आणि चांदा जिल्ह्याच्या जंगलपट्टीतील जमीनदाऱ्या मध्यप्रदेशच्या १९५० च्या अधिनियमाखाली ३१ मार्च १९५१ पासून गेल्या. या दोन्ही ठिकाणी ज्यांचे अधिकार गेले त्यांना सरकारने मोबदला दिला. त्यांच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या वेठ करणाऱ्यांना त्या कायद्यांनी श्रमाचा मोबदला दिला नाही. याच्या शेजारी मुंबई राज्याचा १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करण्याचा अधिनियम ठेवून पाहा. तो जुन्या मुंबई इलाख्याच्या भागासाठी होता. १ ऑगस्ट १९५९ पासून त्याने महार वतन संपविले. वतनाच्या बदल्यात दिवसरात्र गावाची व सरकारची कामे करणे त्यामुळे सुटले, ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु वतनाची जमीन आधी सरकारजमा झाली, आणि ती पुन्हा आपल्या नावावर होण्यासाठी महार वतनदाराने कब्जेहक्काची रक्कम सरकारला भरावी असे ठरले; तीही नव्या शर्तीने, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीविना हस्तांतर न करण्याच्या अटीवर. जहागीरदाराचे नष्ट झाले तेव्हा त्याला पैसे मिळाले, महाराचे नष्ट झाले तेव्हा त्याने पैसे भरले. मथळ्यातील क्रियापद दोन्हीकडे एकच.

तुलनेसाठी कोल्हापूरकडे पाहावे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन बंद केले आणि त्या जमिनी रयतावा करून महारांच्याच नावे केल्या. १९२० मध्ये वेठही बंद केली. तेथे कोणी केले आणि कोणासाठी केले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे हुकमातच होती. बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारता’तून १९२७ मध्ये महार वतनावर लिहिले आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते इतके पातळ करण्यात आले की १९२९ मध्ये त्यांना ते मागे घ्यावे लागले. आपण मांडलेले विधेयक आपणच ‘मागे घेणे’ हेही या कुळातील एक क्रियापद आहे, आणि त्याची किंमत गावोगावच्या महारांनी पुढची तीस वर्षे मोजली.

येथवर आल्यावर बाईंचा तिसरा प्रश्न उरतो : कोणी? त्याचे उत्तर शोधताना विनयपिटकाचा आधार घेणे उचित होईल, कारण नियम करणे आणि नियम संपविणे या विषयावर विनयाइतका बारकाईने विचार अन्यत्र क्वचितच आढळतो. तेथे निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळी क्रियापदे आहेत. तीन शरणगमनांनी उपसंपदा देण्याची जी पद्धत तथागतांनी स्वतः घालून दिली होती, ती पुढे त्यांनी स्वतःच थांबविली आणि संघाच्या ज्ञप्तीने उपसंपदा देण्याची अनुज्ञा दिली. तेथे क्रियापद ‘पटिक्खिपति’ आहे. वज्जींच्या उन्नतीची जी सात कारणे तथागतांनी सांगितली, त्यांत आखून दिलेल्या गोष्टींचा उच्छेद न करणे हे एक आहे, तेथे ‘समुच्छिन्दति’. आणि महापरिनिब्बान सुत्तात, माझ्यानंतर संघाची इच्छा असेल तर त्याने लहानसहान शिक्षापदे काढून टाकावीत असे आनंदास सांगितले आहे, तेथे ‘समूहनति’. या अनुज्ञेचे पुढे काय झाले हे आपल्या वाचकांस ठाऊक आहे. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत लहानसहान म्हणजे नेमकी कोणती, यावर थेरांचे एकमत होईना. आनंदाने ते विचारून ठेवले नव्हते. तेव्हा महाकस्सपांनी संघापुढे ज्ञप्ती ठेवली की नवे काही आखू नये आणि आखलेले काढू नये. श्रमण गौतमाचे नियम त्याच्या चितेचा धूर असेतोवरच टिकले, असे गृहस्थ म्हणतील, ही भीती त्यामागे होती. महाकस्सपांचा निर्णय योग्य होता की नाही यावर मतभेद होऊ शकतो; मिलिंदपञ्हातही हा पेच चर्चिला गेला आहे. आमच्या मते तथागतांनी दिलेली मोकळीक संघाने वापरली नाही, हे धम्माच्या इतिहासातील एक मोठे वळण आहे.

पण या लेखापुरते महत्त्व दुसऱ्या गोष्टीला आहे. ‘समूहनति’ हेच क्रियापद विनयात संघाची सीमा काढून टाकण्यासाठीही येते. एकदा बांधलेली सीमा आपोआप जात नाही. संघाने एकत्र यावे लागते, ज्ञप्ती मांडावी लागते, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे असे विचारावे लागते, आणि मग घोषणा होते. त्या कम्मवाचेतील वाक्य कर्मणी आहे, जसे अनुच्छेद १७ चे कर्मणी आहे. फरक असा की कम्मवाचेत कर्ता तृतीया विभक्तीत उच्चारला जातो : ‘सङ्घेन’, संघाकडून. अनुच्छेद १७ वाचताना तो कर्ता जवळपास सापडत नाही. तो शोधण्यासाठी पाने उलटून उद्देशिकेपर्यंत जावे लागते. तेथे तो आहे : आम्ही, भारताचे लोक. ‘नष्ट करण्यात आली’ हे वाक्य सरकारने केले, बाबासाहेबांनी केले, काँग्रेसने केले, अशा रीतीने पुरे करण्याची जी सवय सर्वांना लागली आहे, तिच्यात या कर्त्याचे विस्मरण आहे. चावडीवर बसणारा, विहिरीवर हटकणारा, खोली नाकारणारा हासुद्धा त्या ‘आम्ही’मध्ये मोजलेला आहे, त्याने काय नष्ट केले, हे त्याला कोणी विचारीत नाही.

१९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी जे शब्द दिले ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. बावीस प्रतिज्ञांत कर्मणी प्रयोग शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. तेथे ‘मी’ आहे, आणि मानणार नाही, करणार नाही, करीन, वागेन अशी पहिल्या पुरुषाची क्रियापदे आहेत. जुन्या धर्मासाठी रद्द नाही, नष्ट नाही. ‘त्याग’ आहे, आणि लगेच ‘स्वीकार’ आहे. कायदेमंत्री म्हणून ज्याने निरसन, शून्य, नष्ट, निषिद्ध ही सारी क्रियापदे हाताळली, त्याने आपल्या माणसांना देताना कायद्याचे एकही क्रियापद दिले नाही. ज्या गोष्टी विधिमंडळ परत फिरवू शकते त्यांसाठी एक भाषा, आणि जी नगरपालिकेच्या ठरावाने रद्द होऊ शकत नाही अशा गोष्टीसाठी दुसरी, असा हा विवेक आहे. महाडचा १९२७ चा ऑगस्ट ते विसरले असतील असे वाटत नाही.

नागपूरनंतर दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, चांदा येथे धम्मदीक्षेचा समारंभ झाला. त्या दिवशी चांदा मध्यप्रदेशात होते आणि वर्धेच्या अलीकडचे राजुरा, गडचांदूर हैदराबाद राज्यात. सोळा दिवसांनी, १ नोव्हेंबर रोजी, राज्यपुनर्रचनेने ही सीमा निघाली आणि दोन्ही काठ मुंबई राज्यात आले. राजुरा तालुका आधी नांदेड जिल्ह्यास जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. पुढच्या रविवारी आम्ही हे सारे वर्गात सांगितले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि फळ्यावरच्या ‘नष्ट करण्यात आली’ या वाक्याच्या आधी ‘आम्ही’ लिहावयास सांगितले. व्याकरणाने ते वाक्य बसत नव्हते, म्हणून एका विद्यार्थ्याने क्रियापदच बदलून घेतले.